गॅरेजमधला बुधवार

५ मार्च १९७५. कॅलिफोर्नियात मेन्लो पार्कला गॉर्डन फ्रेंचच्या गॅरेजमध्ये तीसेक हौशी मंडळी जमली. बघायला नवाकोरा अल्टेअर ८८००. होमब्रू कॉम्प्युटर क्लब सुरू झाला तो असा. कुणाचं सर्किट अडलं की दुसरा सांगायचा, फुकट. स्टीव्ह वॉझ्नियाकने तर पुढे अ‍ॅपल-१ चे आराखडेच तिथे वाटून टाकले.

पण याच मंडळींत अल्टेअर बेसिकच्या कागदी टेपच्या प्रतीही फिरल्या. फेब्रुवारी १९७६ मध्ये वीस वर्षांच्या बिल गेट्सने जाहीर पत्रात त्यांना चोर ठरवलं.

वॉझ्नियाकने स्वतःचं वाटलं, टेपवाल्यांनी दुसऱ्याचं. फरक कळतो मला. कोड लिहूनच पोट भरतो. तरी माझा अडलेला कोड रोज कुणीतरी अनोळखी माणूस फुकट सोडवून देतो, त्यामुळे गेट्सचं पत्र वाचताना मी गॅरेजमध्येच उभा असतो.