बॅरीची गोदी, बॅरीची रेल्वे

माझी सगळी नोकरी मुंबईच्या गोदीत झाली. माल वेळेवर आला नाही की जहाज धक्क्याला नुसतं उभं राहतं आणि डेमरेज, म्हणजे खोळंब्याचा आकार, चढत जातं, हे मी वर्षानुवर्षं पाहिलंय. म्हणून वेल्समधल्या बॅरी डॉक अँड रेल्वेज कंपनीचा इतिहास वाचताना मला आधी दिसतात त्या कार्डिफच्या वाटेवर खोळंबलेल्या कोळशाच्या वाघिणी.

वेल्समधल्या रोंडा खोऱ्यातला कोळसा धूर कमी करी आणि वाफ भरपूर देई. जगभरच्या आगबोटींना तोच हवा असे. बंगालचा कोळसा रुळण्याआधी मुंबईच्या गिरण्यांत आणि बोटींवर विलायती कोळसा जळे, त्यात वेल्सचाही होता. पण खाणीतून निघालेला माल न्यायला टॅफ व्हेल ही एकच मोठी रेल्वे होती आणि चढवायला ब्यूट घराण्याची कार्डिफची गोदी. १८८० च्या सुमाराला दोन्ही तुंबल्या. दर मात्र त्यांचे मालक ठरवतील तेच.

खाणमालकांनी स्वतःची रेल्वे आणि स्वतःची गोदी बांधायचं ठरवलं. पुढे होता डेव्हिड डेव्हिस. १८१८ साली लँडिनमला जन्मलेला हा माणूस आधी लाकडं कापायचा, मग रेल्वेचा ठेकेदार झाला, मग खाणमालक. रोंडात खोदताना पैसे संपले तेव्हा मजुरांनी आठवडाभर बिनपगारी काम केलं आणि १८६६ मध्ये कोळसा लागला, असं सांगतात. असा माणूस विरोधाला भिणार नव्हता. १८८३ मध्ये या रेल्वे-गोदीच्या परवानगीचं विधेयक लॉर्ड्स सभेने फेटाळलं. त्याने पुढच्याच वर्षी ते पुन्हा आणलं आणि मंजूर करून घेतलं.

जागेची निवड मला फार आवडते. बॅरी बेट आणि किनारा यांच्यामधली खाडी बांध घालून अडवली, कोरडी केली आणि तिथेच गोदी खोदली. ब्रिस्टल खाडीत उधाणाला पाणी चाळीसेक फूट चढतं-उतरतं. मुंबईत हाच फरक पंधरा-सोळा फुटांचा. अशा पाण्यात दरवाजे घालून आत पातळी राखायची हे सोपं काम नव्हे. कंत्राटदार होता सेव्हर्न बोगदा बांधणारा थॉमस वॉकर आणि अभियंता जॉन वुल्फ बॅरी, टॉवर ब्रिजवाला.

१८ जुलै १८८९ ला ७३ एकरांची गोदी उघडली. खाणीतून भरून आलेली वाघीण थेट धक्क्यावर येई. यंत्र ती अख्खी उचलून तिरकी करी आणि कोळसा घसरणीवरून जहाजाच्या पोटात जाई. हा कोळसा ठिसूळ, चुरा झाला की भाव उतरतो. त्यामुळे तो कमीत कमी उंचीवरून पडावा याची काळजी घ्यावी लागे. रूळ आणि धक्का एकाच मालकाचे असल्याने मधला खोळंबा टळला, आणि माझ्या मते कंपनीची खरी कमाई तीच होती.

डेव्हिस १८९० मध्ये वारला. पुढची भरभराट त्याने पाहिली नाही. १८८१ मध्ये आसपासची खेडी मिळून जेमतेम ५०० वस्ती होती, १९११ मध्ये ती ३३ हजारांवर गेली. १९१३ मध्ये या गोदीतून १ कोटी १० लाख टन कोळसा निघाला, कार्डिफपेक्षाही जास्त.

पुढे जहाजं तेलाकडे वळली. १९२२ मध्ये ग्रेट वेस्टर्न रेल्वेने बॅरी कंपनी घेतली. त्याच वर्षी टॅफ व्हेल आणि कार्डिफची गोदीही तिच्याच ताब्यात गेली. ज्या मक्तेदारीला कंटाळून खाणवाल्यांनी ही गोदी बांधली होती, तशीच मक्तेदारी त्यांच्यासमोर पुन्हा उभी राहिली.