झेलणारे अण्णा

अण्णा गेले तेव्हा दहाव्यापर्यंत घरात माणसांची रीघ होती आणि आलेला प्रत्येक जण अण्णांची एखादी नवी गोष्ट सांगूनच उठत होता. कुणाला त्यांनी पुराच्या पाण्यात म्हशीच्या शेपटीला धरून पैलतीर गाठायला शिकवलं होतं. कुणाच्या वरातीत त्यांनी साठी उलटल्यावर उसाच्या गाडीवरून कोलांटी मारली होती. सांगलीच्या आयर्विन पुलावरून पावसाळ्यात कृष्णेत उडी टाकायची, ही तर त्या काठच्या पोरांची जुनी खोड. अण्णांनी मात्र ती उडी पाठमोरी टाकली होती, असं एक म्हातारे गृहस्थ शपथेवर सांगत होते. रडायला आलेली माणसं हसून जात होती. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. अण्णांना तेच आवडलं असतं.

अण्णा म्हणजे माझ्या आजोबांचे सगळ्यांत धाकटे भाऊ. देश स्वतंत्र झाला त्याच्या आगेमागे, मिसरूड फुटायच्या वयात ते घरातून पळाले आणि सर्कशीत गेले. का पळाले, याची घरात तीन उत्तरं होती. पणजी म्हणायची, परीक्षेत गचकला म्हणून. आजोबा म्हणायचे, शेतात राबायचा कंटाळा. खुद्द अण्णांना विचारलं तर ते म्हणत, “मिरजेला तंबू पडला हुता. बँड वाजला. मी गेलो.” याहून जास्त कारण त्यांना कधी लागलंच नाही.

त्यांच्या पळण्याला मोठा पूर्वेतिहास होता आणि तो आम्हांला शाळेत नव्हे, पणजीच्या तोंडून कळला. कुरुंदवाड संस्थानच्या पागेवर विष्णुपंत छत्रे नावाचे अश्वविद्येत मुरलेले गृहस्थ होते. मुंबईत कियारिनी या इटालियन माणसाची सर्कस आली होती, ती त्यांनी पाहिली. असले खेळ करायला हिंदी माणसाला अजून फार काळ लागेल, असं तो साहेब म्हणाला आणि पंतांनी ते मनाला लावून घेतलं, अशी आख्यायिका आहे. पणजी हे सांगताना अशी ताठ बसायची, जणू साहेबाने तिलाच डिवचलं होतं. आख्यायिकेचं काहीही असो, तारीख पक्की आहे. 20 मार्च 1880 रोजी छत्र्यांच्या ग्रेट इंडियन सर्कशीचा पहिला खेळ मुंबईत झाला. भारतीय सर्कस सुरू झाली ती तिथून. छत्र्यांच्या पत्नीही झुल्यावर काम करत. घरंदाज बाईने माजघराबाहेर येऊन बोलणंही जिथे खपत नव्हतं, त्या काळातली ही गोष्ट आहे.

हे छत्रे गाण्याचेही तितकेच वेडे. ग्वाल्हेरच्या हद्दूखाँसाहेबांकडे ते शिकले होते. गुरूचा मुलगा रहिमतखाँ पुढे हलाखीत दिवस काढू लागला, तेव्हा छत्र्यांनी त्याला आपल्याकडे आणून सांभाळलं. ‘भूगंधर्व’ म्हणून गाजलेले हे रहिमतखाँ 1922 साली वारले ते कुरुंदवाडलाच. वाघ-सिंह, घोडे आणि अस्सल ग्वाल्हेर गायकी एकाच कुटुंबाच्या आश्रयाला राहिली, याचा मला अजूनही अचंबा वाटतो. छत्र्यांच्या मागोमाग म्हैसाळच्या देवलांची सर्कस निघाली, कार्लेकरांची निघाली. ज्या पट्ट्याला आपण नाट्यपंढरी म्हणतो, तो सर्कशीचंही माहेरघर आहे. नाटकवाल्यांचे पुतळे झाले, त्यांच्या नावाने रंगमंदिरं उभी राहिली. सर्कसवाल्यांच्या वाट्याला आली ती पणजीसारख्यांची आठवण.

लहानपणी अण्णा आम्हांला चिंचेच्या झोक्यावर बसवायचे आणि सोडण्याआधी मोजायचे, “ओन्नु, रंडु, मून्नु!” कृष्णाकाठचा, मराठीशिवाय दुसरी भाषा धड न बोलणारा हा माणूस मल्याळममध्ये आकडे का मोजतो, हे कोडं मला फार उशिरा सुटलं. छत्र्यांची सर्कस फिरत फिरत मलबारात तेल्लिचेरीला, आजच्या तलश्शेरीला, गेली होती. तिथे कीलेरी कुञ्ञिकण्णन नावाचे कसरतीचे गुरुजी होते. त्यांनी मुलं तयार करायची आणि छत्र्यांनी त्यांना सर्कशीत घ्यायचं, असं ठरलं. 1901 साली कुञ्ञिकण्णन यांनी तलश्शेरीजवळ चिरक्करा इथे सर्कशीची शाळाच काढली. पुढे देशभरच्या तंबूंत केरळचेच खेळाडू दिसू लागले ते त्यामुळे. अण्णा सर्कशीत गेले तेव्हा झुल्याची भाषा मल्याळम झाली होती. जी विद्या मराठी माणसाने तिकडे पोचवली, ती अण्णांनी तिकडच्या उस्तादाकडून शिकून परत आणली.

झुल्यावर अण्णांचं काम झेलणाऱ्याचं. प्रेक्षक टाळ्या वाजवतात ते उडणाऱ्याला. झेलणारा गुडघ्यांत दांडी अडकवून उलटा लटकलेला असतो, त्याचा चेहराही धड दिसत नाही. अण्णांच्या गुडघ्यांच्या मागे, लवणीत, घट्टे होते, काळे आणि चामड्यासारखे जाड. त्यावर बोट फिरवू द्यायचे ते आम्हांला. आपले पंजे माझ्या मनगटांभोवती आवळून ते सांगायचे, “हात धरायचा न्हाई, मनगाट धरायचं. हात घामानं सटाकतो. त्यानं माझं मनगाट धरायचं, मी त्येचं. मग एकाचा हात सुटला तरी दुसऱ्याचा ऱ्हातो.” तळव्यांना खडूची भुकटी लावायची, झोक्याचा ताल मनात मोजायचा आणि समोरचा सुटला की त्याच क्षणी तिथे असायचं. आधी नाही, नंतर नाही.

झोका शिकवण्याआधी त्यांनी आम्हांला पडायला शिकवलं. सुगीनंतर उसाच्या पाचटाचा ढीग अंगणात पडलेला असायचा. त्यावर ओट्यावरून उडी टाकायची. पाठीवर पडायचं, हनवटी छातीला लावून, हातपाय आवरून. जाळीत पाय आधी गेला तर घोटा जातो, हात आधी गेला तर खांदा, असं ते बजावत. एखादा पोरगा घाबरून हात टेकायला गेला की अण्णांचा चेहरा बदलायचा. मस्करी बंद. तीच उडी पुन्हा, जमेपर्यंत.

आत्याच्या लग्नाची रात्र मला लख्ख आठवते. वैशाख होता, मांडव पडला होता आणि मध्यरात्री वळीव कोसळला. सगळे सामान आत घ्यायला धावले. अण्णा उलट दिशेने, बाहेर पळाले. कंदील घेऊन एकेका मेखेपाशी बसत, दोराची गाठ चाचपत ते मांडवाला फेरी घालत होते. मी डोक्यावर पोतं घेऊन त्यांच्या मागे. दोर आवळतील असं मला वाटलं होतं, पण ते तर सैल सोडत होते. सुती दोर भिजला की आखडतो. ढील दिली नाही तर मेख उपटतो नाहीतर कापड फाडतो. तंबूत पावसाच्या रात्री सगळ्यांना उठून हेच करावं लागे, मग तो झुलेवाला असो की विदूषक. सकाळी शेजारच्या आळीतला मांडव चिखलात आडवा होता. आमच्याकडे वेळेवर अक्षता पडल्या.

सर्कशीची उतरती कळाही अण्णांनी पाहिली. वाघ, सिंह, अस्वलं, माकडं खेळात आणायला सरकारने 1998 साली बंदी घातली आणि 2001 साली सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. जनावरं गेली आणि गर्दीही ओसरली. अण्णा हळहळतील असं वाटलं होतं. पुण्याच्या दामू धोत्रे यांचा तर त्यांना केवढा अभिमान! हा मराठी माणूस 1940 साली अमेरिकेत रिंगलिंग ब्रदर्सच्या सर्कशीत गेला आणि बिबट्यांना घेऊन त्याने तिथलं रिंगण गाजवलं. तरीही अण्णा एवढंच म्हणाले, “सुटली बिचारी. पिंजऱ्यात रात्री येरझारा घालत्यात, ते मी बघितलंय.” मला त्यांचं म्हणणं पटतं.

घरातल्या वडीलधाऱ्यांनी त्यांना शेवटपर्यंत ‘वाया गेलेला’ म्हटलं. ते मला कधीच मान्य झालं नाही. आमच्या माजघरात खुंटीला एक तार होती आणि तारेत मनीऑर्डरची कुपनं ओवलेली होती. पणजीला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण एकही कुपन तिने टाकलं नाही. कटक, रांची, जबलपूर, मदुराई, तेल्लिचेरी असे शिक्के. मागे दोनच ओळी: पैसे पाठवले आहेत, मी खुशाल आहे. आत्यांची लग्नं, विहिरीचं बांधकाम या तारेवर उभं राहिलं. झेलणं हेच त्यांचं काम होतं आणि तंबूइतकंच ते त्यांनी घरासाठी केलं. हे त्यांच्या तोंडावर म्हणणारं घरात कुणी नव्हतं, म्हणून इथे लिहून ठेवतो आहे.

कृष्णाकाठच्या अनेक घरांत असा एखादा काका, एखादी आत्या होऊन गेली असेल. तुमच्या घरात सर्कशीत राहिलेलं कुणी हयात असेल, तर त्यांच्याजवळ बसा. तंबूचं नाव, उस्तादाचं नाव, कोणत्या सालात कोणत्या गावी मुक्काम होता, सगळं विचारा आणि तारीखवार उतरवून ठेवा. जुनी हँडबिलं, फोटो, कुपनं रद्दीत घालू नका. छत्र्यांपासूनचा हा इतिहास आता अशाच घरांत तेवढा उरला आहे आणि तो सांगू शकणारी बहुतेक माणसं ऐंशीच्या पुढे आहेत.