क्लिपीच्या आधीचा प्रयोग

तुमच्यापैकी कितीजणांनी क्लिपीला प्रत्यक्ष पाहिलंय? ऑफिस ९७ मधली ती मोठ्या डोळ्यांची पेपरक्लिप. वर्डमध्ये तुम्ही 'डिअर' वगैरे लिहायला घेतलं की ती कोपऱ्यात उगवायची आणि 'पत्र लिहिताय वाटतं, मदत करू का?' अशा अर्थाचं काहीतरी विचारायची. नको म्हटलं तरी नंतर कधीतरी पुन्हा हजर! शेवटी २००१ च्या ऑफिस एक्सपीत मायक्रोसॉफ्टनेच तिला मुळात बंद ठेवलं, आणि ऑफिस २००७ मधून काढूनच टाकलं.

आता कामाच्या प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये एआय मदतनीस येतोय आणि 'क्लिपीसारखं नको' हे वाक्य सगळे म्हणतात. पण तिचं नेमकं काय चुकलं? डोळे? आगाऊपणा? या विषयात संशोधन करायचं असेल तर थोडं मागे जा.

१९९३ च्या सुमारास मायक्रोसॉफ्ट रिसर्चमध्ये एरिक हॉर्विट्झ आणि सहकाऱ्यांनी ल्युमिएर नावाचा प्रकल्प हाती घेतला. माणूस मेनू उगाच उघडझाप करतोय, मध्येच थांबतोय, केलेलं परत पुसतोय, अशा खुणांवरून त्याला मदत हवी असण्याची शक्यता बेजियन पद्धतीने काढायची, ही कल्पना. त्यासाठी त्यांनी 'विझार्ड ऑफ ओझ' पद्धतीचा प्रयोग केला. लोकांना एक्सेलमधली कामं दिली आणि सांगितलं, एक प्रायोगिक मदत-यंत्रणा तुम्हाला सल्ला देईल. खरं तर दुसऱ्या खोलीत एक्सेलचे जाणकार त्यांची स्क्रीन बघत बसले होते आणि सल्ला टाइप करत होते. (असा प्रयोग करणार असाल तर आधी एथिक्स कमिटीची परवानगी घ्या. शेवटी सहभागींना खरं काय ते सांगावंही लागतं.)

आता गंमत बघा. यंत्रणा प्रायोगिक आहे हे माहीत असूनही लोक सल्ला नीट वाचायचे. तो साफ चुकीचा असला तरी हातातलं काम सोडून त्यात सांगितलेली सोय उघडून बघायचे. आणि पलीकडच्या जाणकाराला वाटायचं, आपण बरोबर ओळखलं! १९९८ च्या पेपरमध्ये हे सगळं स्पष्ट लिहिलंय. मी तो उशिरा वाचला. तोवर माझ्या पहिल्या पायलटमध्ये 'किती सूचना स्वीकारल्या' एवढंच मोजून मी खूश झाले होते.

त्याच पेपरमध्ये आणखी एक गोष्ट सापडते. ऑफिस ९७ मध्ये ल्युमिएरचा एक भाग गेला: तुम्ही टाइप केलेल्या प्रश्नाचा अर्थ लावणारा. पण आपणहून बोलण्यात फायदा किती, तोटा किती, हा हिशेब गेलाच नाही. त्या जागी साधे नियम आले. म्हणजे गप्प कधी बसायचं हे ठरवणारा भागच बाहेर राहिला. माझ्या मते दोष डोळ्यांपेक्षा इथे जास्त आहे.

हॉर्विट्झ यांनी १९९९ च्या पेपरमध्ये हा हिशेब लुकआउट नावाच्या प्रणालीत मांडून दाखवला. ईमेलमध्ये भेटीची वेळ दिसली की ती आउटलुकचं कॅलेंडर उघडून द्यायची. पण लगेच नाही. मेल जितका लांब, तितका वाचायला वेळ लागणार, म्हणून मदतही तितकी उशिरा. शिवाय खात्री कमी असेल तर काहीच करायचं नाही, मध्यम असेल तर विचारायचं, भरपूर असेल तरच करून टाकायचं.

२०१८ मध्ये जीमेलच्या स्मार्ट कंपोजमध्ये आणि २०२१ मध्ये गिटहब कोपायलटमध्ये हे शहाणपण वेगळ्या रूपात दिसलं. चेहरा नाही, प्रश्न नाही. पुढचे शब्द फिकट करड्या रंगात दिसतात. टॅब दाबला तर तुमचे, नाहीतर टाइप करत राहा, आपोआप जातात. नाही म्हणायला वेगळं काही करावंच लागत नाही. पण करडे शब्द वाचण्यात लक्ष जातंच की! आणि टॅब किती वेळा दाबला यावरून मदत झाली असं मानायचं, तर आपण पुन्हा त्या पलीकडच्या खोलीत जाऊन बसतो.

म्हणून दुसऱ्या फेरीत मी तीन गट केलेत: एकाला बरोबर सूचना, एकाला मुद्दाम चुकीच्या, एकाला काहीच नाही. मोजतेय ते काम पूर्ण व्हायला लागलेला वेळ, आणि सूचना दिसल्यावर मूळ कामाकडे परतायला लागलेला वेळ. हे दुसरं आकड्यांतून आपोआप मिळत नाही, स्क्रीन रेकॉर्डिंग बघूनच काढावं लागतं. अर्धी रेकॉर्डिंग अजून बघायची आहेत.