छपरावरची वाट

पिंपरीस १९५४ सालीं पेनिसिलिनचा कारखाना आला. १९६२ नंतर औद्योगिक विकास महामंडळानें माळरानें आंखलीं आणि पुढें चाकणपर्यंत कारखान्यांचीं छपरें पसरलीं. त्यांतील सिमेंटचा पत्रा दिसण्यांत भक्कम. पण उन्हापावसानें ठिसूळ झाला कीं माणसाच्या ओझ्यानें एकाएकीं फुटतो. मृगापूर्वीं पन्हळी साफ करण्यास व गळती बुजविण्यास चढणाऱ्या मजुरास बोल्टांच्या रांगेवरून, म्हणजे खालच्या लोखंडी आधारावरून, चालावयास सांगण्याची रीत पडली. मला ती अपुरी वाटते. पाय घसरण्यास शेवाळाचा एक ठिपका पुरे. पत्र्यावर आडव्या फळ्या आणि खालीं जाळें हवें.

१९२३ च्या नुकसानभरपाईच्या कायद्यानें जी सोय केली, ती अपघात झाल्यानंतरची. १९४८ च्या कारखाना कायद्यानें कामाच्या जागीं जाण्याची वाट सुरक्षित असावी असें म्हटलें. परंतु उंचावरून पडण्याचा संभव असेल तेथें कठडा वा अन्य उपाय करावा, हें कलम त्यांत आलें १९७६ सालच्या दुरुस्तीनें! तोंपर्यंत पिंपरीच्या पहिल्या छपरांनीं विसेक पावसाळे सोसले होते, आणि दरवर्षीं मृगापूर्वीं कोणी ना कोणी त्यांवर चढतच होता.