नरक्याचे ऊतकसंवर्धन

नरक्या (अमृता) हा सह्याद्रीच्या सदापर्णी व निमसदापर्णी वनांत आढळणारा लहान वृक्ष होय. शास्त्रीय नाव नोथापोडायटीस निम्मोनियाना; कुल इकॅसिनेसी. महाराष्ट्रात महाबळेश्वर, कोयना, आंबोली इ. ठिकाणी तो आढळतो. फुलांस दुर्गंध येतो.

१९६६ मध्ये अमेरिकेत मन्रो वॉल व नंदुरबार येथे जन्मलेले मनसुख वाणी यांनी कॅम्प्टोथेका ॲक्युमिनाटा या चिनी वृक्षापासून कॅम्प्टोथेसीन हे कर्करोगरोधी अल्कलॉइड वेगळे केले. १९७२ मध्ये मुंबईच्या सिबा संशोधन केंद्रातील टी. आर. गोविंदाचारी व एन. विश्वनाथन यांना ते नरक्यात आढळले. प्रारंभीच्या चाचण्या विषारी परिणामांमुळे थांबल्या. परंतु टोपोआयसोमरेज-१ या एंझाइमावर ते क्रिया करते, हे १९८५ मध्ये दिसून आल्यावर त्यात पुन्हा रस निर्माण झाला. टोपोटेकॅन व इरिनोटेकॅन ही त्यापासून सिद्ध केलेली औषधे १९९६ पासून अमेरिकेत वापरात आली. मागणीबरोबर नरक्याची तोडही वाढली. अल्कलॉइड खोडात व मुळांत असल्याने सबंध झाडच नष्ट होते. बी धरण्यापूर्वी ते तोडल्यास नवी पिढीही खुंटते.

अशा वनस्पतींच्या अभिवृद्धीसाठी ऊतकसंवर्धन उपयुक्त ठरते. वनस्पतीच्या सुट्या कोशिका (पेशी) कृत्रिम माध्यमात वाढविण्याची कल्पना गोटलीप हाबरलांट यांनी १९०२ मध्ये मांडली. तोशिओ मुराशिगे व फोल्के स्कूग यांनी १९६२ मध्ये तयार केलेले पोषक माध्यम पुढे सर्वत्र रूढ झाले. या पद्धतीत ऊतकाचा लहान तुकडा निर्जंतुक करून माध्यमावर ठेवतात. वृद्धिनियंत्रकांचे प्रमाण बदलून त्यापासून प्ररोह व नंतर मुळे मिळवितात. काचपात्रातील रोपे उघड्या हवेस हळूहळू सरावल्यावरच जमिनीत लावतात.

नरक्याबाबत दोन दिशांनी काम झाले. तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्रातील संशोधकांनी १९९४ मध्ये ऊतकसंवर्धात कॅम्प्टोथेसीन आढळल्याचे नोंदविले व २००१ मध्ये द्रव माध्यमातील कोशिकांपासून ते मिळविण्याचे प्रयोग प्रसिद्ध केले. मात्र संवर्धित कोशिकांत ते झाडाच्या मानाने फारच अल्प असते. म्हणून हा मार्ग झाडाची जागा घेऊ शकलेला नाही. दुसरी दिशा रोपनिर्मितीची. संशोधकांनी नरक्याच्या सूक्ष्म अभिवृद्धीची पद्धती प्रसिद्ध केली.

ऊतकसंवर्धनाने रोपे मोठ्या संख्येने मिळतात व लागवडीतून कच्चा माल उपलब्ध झाल्यास जंगलावरील ताण कमी होऊ शकतो. तथापि एकाच झाडापासून वाढविलेली रोपे आनुवंशिक दृष्ट्या सारखी असतात. नैसर्गिक वाणांतील विविधता त्यांत उतरत नाही. निरनिराळ्या ठिकाणच्या झाडांतील अल्कलॉइडाचे प्रमाणही भिन्न असते. म्हणून अनेक ठिकाणच्या मातृवृक्षांची निवड आणि मूळ वनांचे रक्षण यांची जोड असल्याखेरीज केवळ प्रयोगशाळेच्या बळावर ही जाती टिकणार नाही.