उंच टाचांवर चालण्याची तालीम : व्हेनिस ते योशिवारा

१/
उंच टाचांचा इतिहास बहुधा टाचांपुरताच सांगितला जातो : त्या कोणी घातल्या, किती उंच होत्या, कोणत्या रंगाच्या होत्या. त्यांवर तोल सावरून चालायला माणसे कशी शिकली, हा प्रश्न मात्र मागे राहतो. वास्तविक हे चालणे कोणालाच उपजत येत नाही. ते शिकावे लागते, आणि त्या शिक्षणाला चारशे वर्षांहून जुना लेखी इतिहास आहे.

२/
पादत्राण पायाला चालही शिकवते, हे खडावांवरून सहज लक्षात येईल. खडावांना पट्टा नसतो. अंगठा आणि शेजारचे बोट यांच्यामध्ये खुंटी धरून पाऊल उचलावे लागते. सवय नसलेला माणूस चार पावलांत अडखळतो. मग हातभर उंचीच्या लाकडी ठोकळ्यांवर, पायघोळ झगा सांभाळत, पुलाच्या पायऱ्या उतरायच्या असतील तर?

३/
पंधराव्या आणि सोळाव्या शतकांत व्हेनिसमधील श्रीमंत स्त्रिया नेमके हेच करीत. त्यांच्या पादत्राणाला ‘चोपिन’ म्हणत. त्याला आजच्यासारखी वेगळी टाच नसे. सगळा तळवाच उंच लाकडावर बसवलेला असे आणि त्यावर चामडे किंवा मखमल मढवलेली असे. व्हेनिसच्या कोरेर संग्रहालयात सुमारे अर्धा मीटर उंचीचे नमुने आहेत.

४/
ही उंची कशासाठी? चोपिन झग्याखाली झाकलेले असे, म्हणून ते मिरवण्याचा प्रश्नच नव्हता. मिरवायचे होते ते कापड. स्त्री जितकी उंच, तितका झगा लांब. झगा जितका लांब, तितके रेशीम अधिक. कापडाच्या व्यापारावर श्रीमंत झालेल्या शहरात घराण्याचे वैभव असे मोजले जाई. शासनाने १४३० मध्येच या उंचीवर कायद्याने मर्यादा घातली, पण पुढच्या शतकातील नमुने पाहता तो कायदा फारसा कोणी मानला नाही.

५/
थॉमस कोरियट हा इंग्रज प्रवासी १६०८ मध्ये व्हेनिसला गेला. त्याचे प्रवासवर्णन १६११ मध्ये छापले गेले. श्रीमंत स्त्रिया बाहेर पडताना पडू नयेत म्हणून सेवक किंवा दासी त्यांना आधार देत, असे तो सांगतो. एक स्त्री मात्र एकटीच होती. एका छोट्या दगडी पुलाच्या पायऱ्या उतरताना ती त्याच्या डोळ्यांदेखत कोसळली. आपल्याला तिची मुळीच दया आली नाही, हेही तो नमूद करतो.

६/
पडणाऱ्या स्त्रीला हसणारे पुष्कळ होते. तिने पडू नये म्हणून काही लिहून ठेवणारा माणूस विरळा. फाब्रित्सिओ कारोसो हा त्यांपैकी एक. तो नृत्यशिक्षक होता. उमरावांच्या घरी चालणारी नृत्ये आणि रीतीभाती शिकवणारा त्याचा ‘नोबिल्ता दी दामे’ हा ग्रंथ १६०० मध्ये व्हेनिसला छापला गेला. चोपिन घालून कसे चालावे, याच्या सूचना त्यात आहेत.

७/
कारोसोचे निरीक्षण बारकाईचे आहे. काही स्त्रिया चोपिन जमिनीवरून फरफटत नेतात आणि त्या आवाजाने डोके उठते. काही जणी प्रत्येक पाऊल दाणकन आपटतात. ज्यांना चालण्याची रीत ठाऊक नाही, त्यांचे चोपिन वेडेवाकडे होतात, फुटतात, आणि त्या समारंभांत व चर्चमध्ये पडतात. याचा अर्थ असे पडणे त्या काळी नेहमीचे होते आणि ते चारचौघांत घडत असे.

८/
त्याचा उपाय एका वाक्यात मावतो : पाऊल टाकताना आधी पुढचा चवडा उचलावा. चवडा उचलला की त्या पायाचा गुडघा आपोआप सरळ होतो. गुडघा सरळ झाला की शरीर ताठ राहते. मागून उघडे असलेले चोपिन पायातून निसटत नाही, घासले जात नाही आणि वाजतही नाही. मग पाऊल खाली ठेवावे आणि दुसऱ्या पायाने तेच करावे.

९/
या सूचनेत सौंदर्याइतकेच यंत्रशास्त्र आहे. उंच पादत्राणावर घोट्याची हालचाल आखडते, म्हणून अननुभवी माणूस गुडघे वाकवून, पाय ओढत चालतो आणि त्याचा तोल पुढे जातो. कारोसोने नेमका तोच दोष हेरला होता. नीट शिकलेली स्त्री उंच चोपिनवर नृत्यसुद्धा करू शकते, असा त्याचा दावा होता. म्हणजे त्याच्या दृष्टीने ही अडचण नव्हती, ती एक विद्या होती.

१०/
पण ही विद्या कोणाला परवडे? जिच्या घरी नृत्यशिक्षक येई, जिच्या दोन्ही बाजूंना आधाराला माणसे असत आणि जिला बाजारातून ओझे उचलून आणायचे नसे, तिलाच. इंग्रज रोजनिशीकार जॉन एव्हलिन याने १६४५ च्या सुमारास व्हेनिसच्या स्त्रियांना चोपिन घालून गोंडोल्यात चढउतार करताना पाहिले. त्याला ते दृश्य हास्यास्पद वाटले. ज्या शहरात रस्त्यांची जागा पाण्याने घेतली आहे, तेथे नावेत पाऊल टाकणे हीच रोजची परीक्षा होती.

११/
आजची उंच टाच मात्र चोपिनची थेट वारस नाही. तिचे मूळ पश्चिम आशियातील घोडेस्वारांच्या जोड्यांत सापडते. रिकिबीत उभे राहून बाण सोडताना पाय घसरू नये म्हणून इराणी स्वारांच्या जोड्यांना टाच असे. ती टाच चालण्यासाठी नव्हती. घोड्यावर स्थिर राहण्यासाठी होती. सोळाव्या शतकाच्या अखेरीस शाह अब्बास पहिला याचे वकील युरोपच्या दरबारांत पोचले. सतराव्या शतकात तेथील उमराव पुरुषांच्या पायांत टाचा दिसू लागल्या.

१२/
फ्रान्सचा चौदावा लुई त्याच्या लाल टाचांसाठी प्रसिद्ध आहे. इयासिंत रिगोने १७०१ मध्ये रंगवलेल्या चित्रात त्या ठळक दिसतात. दरबारी पुरुषालाही नृत्यशिक्षकाकडून उभे राहणे, वाकणे आणि चालणे शिकावे लागे. अठराव्या शतकात पुरुषांनी हळूहळू उंच टाच सोडली आणि ती स्त्रियांकडे राहिली. पुरुषांना ती सोडता आली, ही गोष्ट पुढच्या कथेत महत्त्वाची आहे.

१३/
आता त्याच शतकांतील जपानकडे वळू. एदो, म्हणजे आजचे टोकियो. येथे १६१७ मध्ये शासनाने ‘योशिवारा’ या वेश्यावस्तीला परवानगी दिली. १६५७ च्या भीषण आगीनंतर ती शहराबाहेर, आसाकुसाच्या पलीकडे हलवण्यात आली. वस्तीभोवती खंदक होता आणि ये-जा करण्यासाठी एक मोठा दरवाजा. आतल्या बहुतेक स्त्रिया गरीब घरांतून लहानपणीच विकल्या गेलेल्या असत. घरच्यांना दिलेली उचल हे त्यांच्या नावावरचे कर्ज होई.

१४/
या वस्तीतील सर्वोच्च दर्जाच्या स्त्रीला ‘ओइरान’ म्हणत. मानाच्या ग्राहकाला भेटण्यासाठी ती चहाघरापर्यंत मिरवणुकीने जाई. अंगावर जड वस्त्रांचे थर, केसांत पिनांचा भार, आणि पायांत काळ्या लाखेच्या उंच लाकडी गेता. तळाला तीन दात. थंडीतही पाय मोज्यांविना उघडे, कारण एदोच्या रसिकतेला उघडे पाऊल अधिक भावत असे.

१५/
तिच्या चालीला ‘हाचिमोंजी’ म्हणजे ‘आठचे अक्षर’ असे नाव होते. जपानी लिपीत आठाचा आकडा दोन फाकलेल्या रेघांनी लिहितात. क्योतोच्या शिमाबारा वस्तीत पाऊल आतल्या बाजूने वळवीत. योशिवारात ते बाहेरच्या बाजूने कमानीसारखे फिरवून पुढे ठेवीत. अतिशय संथ, जवळजवळ थांबल्यासारखी ही चाल होती. ती साधायला तीन वर्षे लागत, असे परंपरेने सांगितले जाते.

१६/
व्हेनिस आणि योशिवारा यांच्यातील साम्य आणि भेद येथे एकदम दिसतात. दोन्हीकडे उंच लाकूड, शिकवलेली चाल आणि पाहणारी गर्दी. व्हेनिसची स्त्री घराण्याचे रेशीम अंगावर वागवीत होती. ओइरान ज्या कर्जाने बांधलेली होती, त्यात तिच्या पोशाखाच्या खर्चाची भर पडत असे. तिची चाल जितकी सफाईदार, तितकी मालकाची कमाई मोठी. कौशल्य तिच्या पायांत होते, पण ते पाय कोठे जातील हे ठरवणे तिच्या हाती नव्हते.

१७/
योशिवाराजवळच्या जोकान-जी मंदिराला लोक ‘टाकून देण्याचे मंदिर’ म्हणत. कोणी वाली नसलेल्या स्त्रियांचे मृतदेह तेथे आणून टाकले जात. १८७२ मध्ये मेइजी शासनाने या स्त्रियांच्या मुक्ततेचा हुकूम काढला, तरी परवान्याची पद्धत चालूच राहिली. वेश्याव्यवसायविरोधी कायदा १९५६ मध्ये संमत झाला आणि १९५८ मध्ये पूर्णपणे लागू झाला. तेव्हा योशिवाराचा परवाना इतिहासजमा झाला.

१८/
याच १९५० च्या दशकात युरोपात बारीक ‘स्टिलेटो’ टाच लोकप्रिय झाली. टाचेच्या आत धातूची कांब घातल्याने ती सुईसारखी निमुळती करता आली. नाव इटालियन खंजिरावरून पडले. आता शरीराचा भार चवड्यावर येऊ लागला, पावले आखूड झाली, आणि तोल राखण्यासाठी कंबर व गुडघे यांना नव्याने जुळवून घ्यावे लागले.

१९/
हे जुळवून घेणे स्नायूंतही उतरते. दीर्घकाळ उंच टाच वापरणाऱ्या स्त्रियांच्या पोटरीतील स्नायुतंतू आखूड आणि टाचेमागची शीर अधिक ताठ झालेली असते, असे २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळले. म्हणूनच अनेकींना टाच काढून सपाट जमिनीवर उभे राहताना पोटरीत ताण जाणवतो. ‘सवय झाली’ या दोन शब्दांचा शरीरशास्त्रीय अर्थ हा असा आहे.

२०/
डिसेंबर २०१५ मध्ये लंडनमध्ये स्वागतकक्षात कामाला आलेल्या एका तरुणीला सपाट जोडे घातले म्हणून बिनपगारी घरी पाठवण्यात आले. तिच्या अर्जावर दीड लाखांहून अधिक लोकांनी सह्या केल्या आणि ब्रिटिश संसदेच्या समित्यांनी २०१७ मध्ये या प्रश्नावर अहवाल दिला. त्याच वर्षी कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांताने कामावर उंच टाचेची सक्ती करण्यास बंदी घातली.

२१/
२०१९ मध्ये जपानमध्ये इशिकावा युमी यांनी ‘कुतू’ चळवळ सुरू केली. जपानीत ‘कुत्सु’ म्हणजे जोडा आणि ‘कुत्सू’ म्हणजे वेदना. त्यांना ‘मी टू’ची जोड देऊन हे नाव घडले. कामाच्या ठिकाणी टाचेची सक्ती नको, एवढीच मागणी होती. पुढच्याच वर्षी जपान एअरलाइन्सने आपल्या महिला कर्मचाऱ्यांसाठीची ही अट काढून टाकली.

२२/
या चळवळींचा उंच टाचेला विरोध नाही. ज्यांना ती आवडते त्यांनी ती घालावी, तिच्यावर चालणे शिकावे. ते शिकणे खरेच एक कला आहे, हे कारोसोने चारशे वर्षांपूर्वी ओळखले होते. इतिहास एवढेच विचारायला सांगतो, की ही कला कोणासाठी शिकली जात आहे आणि पाय दुखू लागले तर जोडा काढण्याची मुभा कोणाला आहे.

२३/
आसाकुसाच्या परिसरात आजही वसंतात ओइरानची मिरवणूक निघते. तीच उंच गेता, तेच बाहेरून फिरणारे पाऊल. आधारासाठी हात एका पुरुषाच्या खांद्यावर. त्या चालीसाठी आजच्या कलाकारालाही सराव करावा लागतो. पण मिरवणूक संपली की ती गेता उतरवते आणि आपल्या घरी जाते. जुन्या योशिवारातील स्त्रीसाठी रस्ता त्याच दरवाजापाशी संपत असे.