पंधरा वर्षांचे मौन आणि मुलांची तक्रार

वाङ्मयाचा इतिहास लिहिणारे पंडित ग्रंथकारावर कोणत्या पूर्वसूरींचा प्रभाव पडला याचा मोठ्या कसोशीने शोध घेतात. परंतु लिहिता लिहिता थांबलेल्या लेखकाला ‘मग पुढे काय झाले?’ असे कोणी विचारले, याची नोंद त्यांच्या ग्रंथांत क्वचितच आढळते. रहस्यकथेच्या बाबतीत ही उणीव विशेष जाणवते. या वाङ्मयाचा प्रतिष्ठितांनी फारसा आदर केला नाही. ते जगले ते समानधर्मी लेखकांच्या स्नेहावर आणि वाचकांच्या आग्रहावर. त्या आग्रहाचे एक बोलके उदाहरण मी येथे मांडणार आहे. त्याचा नायक मराठी नसला, तरी त्याच्या आयुष्याची अखेरची तीस-बत्तीस वर्षे महाराष्ट्रातच गेली.

भिलाईच्या खुर्सीपार भागात राहणाऱ्या मराठी माणसास बंगाली रहस्यकथेचा परिचय होण्यास फारसे सायास पडत नाहीत. १९५५ साली सोव्हिएत संघाशी करार झाला, १९५९ च्या फेब्रुवारीत राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते येथील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले, आणि मुंबई-हावडा लोहमार्गाच्या दोन्ही टोकांकडून माणसांचा ओघ या पोलादनगरीकडे सुरू झाला. माणसे आली तशी त्यांची पुस्तकेही आली. मराठी घरातील ट्रंकेत अर्नाळकरांचा काळा पहाड असावा आणि शेजारच्या बंगाली घरातील फडताळात ब्योमकेश बक्षी, यात नवल ते काय? कचेरीतील बंगाली सहकाऱ्यांकडून मला ब्योमकेशचा पहिला परिचय झाला तो असाच. पुस्तक हातात देताना ते शेवटचे पान आधी उघडणार नाही असे वचन घेत असत.

या ब्योमकेशचे जनक शरदिंदु बंद्योपाध्याय हे स्वतःच जन्मभर प्रवासी. त्यांचा जन्म ३० मार्च १८९९ रोजी जौनपूर येथे झाला. वडील बिहारात मुंगेर येथे वकिली करीत. शरदिंदुबाबूंनीही कायद्याचा अभ्यास करून तोच व्यवसाय पत्करला, पण १९२९ च्या सुमारास वकिली सोडून देऊन ते लेखनाकडे वळले. १९३२ साली ‘पथेर काँटा’ आणि ‘सत्यान्वेषी’ या कथांतून ब्योमकेश अवतरला. स्वतःस गुप्तहेर म्हणवून घेणे त्याला रुचत नाही. तो आपणास ‘सत्यान्वेषी’ म्हणवितो. त्याच्या कथा सांगणारा अजित हा व्यवसायाने लेखक आहे. दोघांची भेट कलकत्त्याच्या एका खाणावळवजा मेसमध्ये होते आणि त्या योगायोगाच्या ओळखीतून आयुष्यभराची मैत्री जडते. गावाबाहेर नोकरी करणाऱ्या, एका खोलीत परक्या माणसाबरोबर संसार थाटणाऱ्या आपल्यासारख्यांना या मैत्रीची खूण पटकन पटते. होम्स आणि वॉटसन यांच्या जोडीपेक्षा मला ही जोडी अधिक घरगुती वाटते. अजित बुद्धीने कमी असला तरी तो कोणाचा शिष्य नाही.

दहा कथा लिहून झाल्यावर, १९३६ च्या सुमारास, शरदिंदुबाबूंनी ब्योमकेशला निरोप दिला. आता वाचकांना या कथा आवडणार नाहीत, अशी त्यांची समजूत झाली होती. ‘अर्थमनर्थम्’ या कथेत सत्यवती ब्योमकेशच्या आयुष्यात आली होतीच. सत्यान्वेषी गृहस्थ झाला, तेव्हा त्याची कथा संपली असे मानावयास जागा होती. पुढे १९३८ साली हिमांशु रॉय यांच्या निमंत्रणावरून ते मुंबईस आले आणि बॉम्बे टॉकीजसाठी चित्रकथा लिहू लागले. चित्रपटाच्या व्यवसायात पंधरा वर्षांपैकी बहुतेक काळ गेला. ब्योमकेश मात्र गप्पच होता.

तो बोलता झाला कसा, हे शरदिंदुबाबूंनी स्वतःच सांगून ठेवले आहे. मुंबईहून एकदा ते कलकत्त्यास गेले असता परिमल गोस्वामी या आपल्या लेखकमित्राच्या घरी त्यांची गाठ त्या घरातील मुलामुलींशी पडली. ‘तुम्ही आता ब्योमकेश का लिहीत नाही?’ अशी मुलांनी तक्रार केली. आपण लिहिणे थांबविले तेव्हा ज्यांना अक्षरओळखही नव्हती, अशी ही पिढी जुनी पुस्तके वाचून नव्या कथेची वाट पाहत आहे, हे लेखकाला प्रथमच कळले. त्यानंतर १९५१ साली ‘चित्रचोर’ ही कथा प्रसिद्ध झाली. ब्योमकेशच्या पूर्ण झालेल्या एकंदर बत्तीस कथांपैकी बावीस या तक्रारीनंतरच्या आहेत. परिमलबाबूंच्या घरी त्या दिवशी मुले अभ्यासाला बसली असती, तर बंगाली रहस्यकथेच्या इतिहासाचे दोन-तृतीयांश पान कोरे राहिले असते!

या प्रसंगाची तुलना कोनन डॉयलच्या प्रसंगाशी सहज सुचते. १८९३ च्या डिसेंबरात ‘स्ट्रँड’ मासिकात होम्सचा अंत झाला आणि वाचक खवळले. काळ्या फिती बांधून लंडनकर फिरले वगैरे कथा मी सोडून देतो. त्यांना फारसा आधार नाही. परंतु वर्गणीदारांचा रोष खरा होता. डॉयलने १९०१ साली ‘बास्करव्हिल’ची जुनी हकीकत म्हणून एक कादंबरी दिली आणि १९०३ साली होम्सला जिवंत करून परत आणले. डॉयल होम्सला कंटाळला होता. त्याला लोकांनी आणि प्रकाशकांच्या धनाने वाकविले. शरदिंदुबाबू ब्योमकेशला कंटाळले नव्हते, ते वाचकांच्या प्रेमाविषयी साशंक होते. कंटाळलेल्या लेखकाला आग्रह केला तर तो चाकरी ठरतो. साशंक लेखकाला केलेला आग्रह हे खरे प्रोत्साहन होय. होम्सच्या पुनरागमनानंतरच्या कथांत पहिला ताजेपणा उरला नाही, असे पुष्कळांचे मत आहे. ब्योमकेशच्या उत्तरकालीन कथा मात्र पूर्वीच्या कथांपेक्षा अधिक परिपक्व आहेत, असे माझे मत आहे.

१९५२ साली चित्रपटव्यवसाय सोडून शरदिंदुबाबू पुण्यास स्थायिक झाले. ब्योमकेशच्या पुढील कथा, म्हणजे कलकत्त्याच्या गल्लीबोळांतील खून आणि कपटकारस्थाने, पुण्यात बसून लिहिल्या गेल्या. ‘शैलरहस्य’ या कथेत तर ब्योमकेश महाबळेश्वरास येतो आणि तेथील हॉटेलातून अजितला पत्राने हकीकत कळवितो. याखेरीज शिवकालावर त्यांनी सदाशिव नावाच्या एका मराठी मुलाच्या साहसकथा बंगाली मुलांसाठी लिहिल्या. आपल्या मुलखाविषयी इतकी आत्मीयता दाखविणारा लेखक इतकी वर्षे आपल्यात राहिला. पण १९९३ साली बासू चटर्जी यांनी दूरदर्शनवर ब्योमकेश आणीपर्यंत सामान्य मराठी वाचकाला त्याचा पत्ता नव्हता, ही गोष्ट मला लागते. परप्रांतात राहणाऱ्या आपणास तेथील लेखकांची ओळख किती असते, हाही प्रश्न त्याबरोबर उपस्थित होतोच.

लेखकांच्या आपसांतील स्नेहाविषयी थोडे लिहिले पाहिजे. लंडनमध्ये १९३० साली रहस्यकथाकारांनी ‘डिटेक्शन क्लब’ स्थापन केला. चेस्टर्टन त्याचे पहिले अध्यक्ष. डोरोथी सेयर्स, अगाथा ख्रिस्ती, अँथनी बर्कले ही त्यातील प्रमुख मंडळी. नव्या सभासदाला शपथ घ्यावी लागे आणि तीत महत्त्वाचा धागा वाचकापासून लपविणार नाही असे वचन असे. वाचक क्लबात हजर नसताही त्याच्या हक्काचे रक्षण शपथेने केले जाई, हे मोठे गमतीचे आहे. १९३१ साली या मंडळींनी ‘द फ्लोटिंग ॲडमिरल’ ही कादंबरी मिळून लिहिली. प्रत्येकाने एकेक प्रकरण लिहावयाचे आणि आपल्या मनातील उकल स्वतंत्रपणे नोंदवून ठेवावयाची. एरवी एकमेकांचे प्रतिस्पर्धी असलेले लेखक आपल्या धंद्याची गुपिते एका टेबलावर उघडी करतात, असे दृश्य इतर वाङ्मयप्रकारांत विरळा.

हिंदी मुलखात तर याचे उदाहरण हाताशीच आहे. अलाहाबादेत १९५२ साली इब्ने सफी यांची ‘जासूसी दुनिया’ निघाली ती अब्बास हुसैनी या प्रकाशकमित्राच्या साहाय्याने. अश्लीलतेचा आधार न घेताही लोकप्रिय लिहिता येते, हे मित्रमंडळीतील वादात मांडलेले मत इब्ने सफींनी लिहून सिद्ध केले. त्याच वर्षी ते पाकिस्तानात गेले, तरी अलाहाबादची आवृत्ती चालू राहिली. १९६० ते १९६३ या आजारपणाच्या काळात त्यांची लेखणी थांबली होती. वाचकांनी त्यांची जागा दुसऱ्या कोणास दिली नाही. १९६३ साली ‘डेढ मतवाले’ आली तेव्हा दोन्ही देशांत तिच्यावर उड्या पडल्या.

आता आपल्याकडे पाहू. गो. ना. दातारशास्त्री यांनी रेनॉल्ड्सच्या कादंबऱ्यांना मराठी वेष चढवून वाचकांना रात्र रात्र जागविले. त्यांच्यानंतर बाबूराव अर्नाळकर आले. त्यांचे मूळ नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण, जन्म १९०६. ज्या मुंबईत शरदिंदुबाबूंचा ब्योमकेश मौन धरून होता, त्याच मुंबईत त्या दशकात अर्नाळकरांचे काळा पहाड, झुंजार आणि धनंजय-छोटू घरोघर पोहोचत होते. पुढे त्यांच्या कथांची संख्या हजारावर गेली. इतके लेखन मागणीवाचून होत नाही. ती मागणी फिरत्या वाचनालयांच्या वहीत नोंदली जाई. एक पुस्तक परत करताना वाचक पुढचे मागत असे. मात्र ही मागणी मुकी होती. सुशिक्षित घरांत ही पुस्तके पाठ्यपुस्तकात दडवून वाचली जात, आणि ज्याने विद्यार्थिदशेत शंभर अर्नाळकर वाचले असा मनुष्य पुढे अधिकारी झाला म्हणजे त्यांचे नाव काढीत नसे. अर्नाळकरांना वाचक उदंड मिळाले. आपले वाचन उघडपणे मिरविणारा, त्यांच्या कथांची चिकित्सा करून त्यांना उणेअधिक सांगणारा विद्वान स्नेही मात्र मिळावयास हवा होता. संख्येच्या मानाने त्यांच्या कथांतील गुणवत्ता विषम राहिली, याचे एक कारण मला यातच दिसते.

बंगालीत हे कार्य सुकुमार सेन यांनी केले. ते भाषाशास्त्रज्ञ आणि बंगाली वाङ्मयाच्या इतिहासाचे अधिकारी ग्रंथकार. या थोर पंडिताने गुन्हेकथेच्या वाटचालीवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला, आणि १९८० नंतर कलकत्त्यात ‘होम्सियाना’ नावाचे मंडळ काढून प्रेमेंद्र मित्रांसारख्या लेखकांसमवेत तो रहस्यकथेच्या गप्पा मारीत बसला. शरदिंदुबाबू त्या बैठकींना नव्हते. ‘बिशुपाल वध’ ही ब्योमकेशची कथा अपुरी टाकून २२ सप्टेंबर १९७० रोजी ते निवर्तले होते. अर्नाळकर त्या वेळी सत्तरी ओलांडून गेले होते आणि त्यानंतरही, १९९६ पर्यंत, ते हयात होते.